सोनं तेच, पारख चुकते

दिल्लीतल्या करोल बागेच्या सराफ बाजारात सोनं गाळणारे बरेच हात विटा-खानापूर-आटपाडीकडचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोत कर्णबधिरांच्या डेफलिम्पिक्समध्ये भारताने ९ सुवर्णांसह २० पदकं मिळवली, तेव्हा या बाजारातल्या एका गलाईवाल्या काकांनी मला विचारलं, “ते पॅरालिम्पिकच ना? मग ते सोनं जरा हलकंच म्हणायचं.” पारख हाच ज्यांचा धंदा, त्यांचीही इथे गल्लत होते.

पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांसाठी वेगळा गटच नाही. त्यांची स्पर्धा उलट ३६ वर्षांनी थोरली: १९२४ साली पॅरिसमध्ये ९ देशांचे १४८ खेळाडू जमले होते, पॅरालिम्पिक सुरू झालं १९६० मध्ये, रोमला. दोन्हींच्या संघटना १९९५ पासून वेगळ्या आहेत.

“ऐकू येत नाही एवढंच ना? हातपाय तर धडधाकट!” हा गैरसमज जास्त चिवट. त्यातल्या त्यात बऱ्या कानाचा श्रवणऱ्हास किमान ५५ डेसिबल असेल, तरच प्रवेश मिळतो; साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. शिवाय मैदानात उतरताना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं, कॉक्लिअर इम्प्लांटचं बाहेरचं यंत्रही. धावपटूंसमोर पिस्तुलाऐवजी दिवे असतात: लाल, पिवळा, आणि हिरवा लागला की पळायचं. पण दिव्याने सगळं भागत नाही. तोल सांभाळणारं इंद्रियही आतल्या कानातच असतं, त्यामुळे काहींचा तोलच कच्चा असतो. आता कुस्तीचा विचार करा. कडेला उभा वस्ताद “पट काढ!” म्हणून घसा फोडतो, ते पठ्ठ्यापर्यंत पोचतच नाही. बॅडमिंटनमध्ये रॅकेटच्या आवाजावरून फटक्याचा जोर कळतो, तीही सोय नाही. सगळा भार डोळ्यांवर.

तरीही “ऐकू येणाऱ्यांपुढे टिकतील का?” असं कुणी म्हणालं, तर गोल्फपटू दीक्षा डागरचं नाव सांगावं. तिने डेफलिम्पिक्सचं सुवर्ण जिंकलं आणि टोकियो व पॅरिसची ऑलिंपिकही ती खेळली. महाराष्ट्राच्या प्रांजली प्रशांत धुमाळने टोकियोच्या डेफलिम्पिक्समध्ये नेमबाजीची तीन पदकं मिळवली. २५ मीटर पिस्तुलातलं सुवर्ण त्यातलंच.

“पदक आलं की बक्षीस सगळ्यांना सारखंच” ही समजूत तपासायला करोल बागेतून ब्लू लाइन मेट्रो पकडायची आणि पाचव्या स्टेशनला, मंडी हाऊसला उतरायचं. जवळच हरियाणा भवन आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पैलवान वीरेंद्र सिंग आपली पदकं घेऊन याच भवनाबाहेर फुटपाथवर बसले होते. २००५, २०१३ आणि २०१७ अशी तीन डेफलिम्पिक सुवर्णं त्यांच्या नावावर. मागणी साधी होती: पॅरा खेळाडूंना जे मिळतं, ते आम्हालाही द्या. हरियाणात पॅरालिम्पिक सुवर्णाला ६ कोटी होते. मला विचाराल तर त्या माणसाला फुटपाथवर बसावं लागणं हीच लाज होती.

याच वीरेंद्रना लोक कौतुकाने ‘गूंगा पहलवान’ म्हणतात. मला ते खटकतं. बहिरा म्हणजे मुका नव्हे. गळा बहुधा ठणठणीत असतो, कानावर शब्द न पडल्याने बोलणं घडत नाही, इतकंच. आणि जगभरची खूणभाषा एकच असते, हेही खरं नाही. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी, अमेरिकी वेगळी. म्हणून स्पर्धेत आंतरराष्ट्रीय खुणांचा आधार घ्यावा लागतो.

पुढच्या वेळी संघ परत येईल तेव्हा दिल्लीच्या विमानतळावर जरूर जा. ढोल न्यायला हरकत नाही, त्याचा कंप छातीला कळतो. टाळ्या मात्र वाजवू नका. दोन्ही हात डोक्यावर न्या आणि पंजे गरगर फिरवा. त्यांची टाळी तीच, आणि ती गर्दीतही लांबून दिसते.