पडद्यावरील भाषा आणि घरातील बोली
(पनवेल परिसराच्या संदर्भात चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या शैक्षणिक कार्याचा विचार)

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या इष्टानिष्टतेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक विवेचन नीतीच्या किंवा अभिरुचीच्या अंगाने झालेले दिसते. या साधनांचा भाषेशी असलेला संबंध मात्र 'भाषा बिघडते' किंवा 'भाषा सुधारते' अशा एखाद्या वाक्यात निकालात काढला जातो. वस्तुतः हा प्रश्न इतका सोपा नाही. पडद्यावरून भाषा ऐकल्याने माणसाच्या भाषेत नेमके काय बदलते, काय बदलत नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीने त्याचा उपयोग कोणत्या अटीवर होऊ शकतो, हे पृथक् पृथक् पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात पनवेल परिसर समोर ठेवून हा विचार करावयाचा आहे.

१. परिसर

पनवेल हे मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या फाट्यावरील जुने बाजारपेठेचे गाव. येथील नगरपालिका १८५२ सालची. २०१६ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. गावाच्या सभोवती खाडीकाठी भातशेती व मिठागरे, आणि डोंगराच्या बाजूस ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या, अशी येथील जुनी वस्ती. आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, व्यापारी आणि पांढरपेशे अशा समाजांच्या निरनिराळ्या बोली येथे शेजारी शेजारी नांदत आल्या. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. १९९८ साली मुंबईची उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत आली. सातारा-सांगलीपासून विदर्भापर्यंतचे मराठी भाषिक आणि देशाच्या सर्व भागांतील अमराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. एवढ्या भिन्न बोलींच्या मुलांना सामाईक असा ध्वनी कोणता, असे विचारल्यास शाळेच्या घंटेनंतर पडद्याचेच नाव घ्यावे लागेल.

२. पडद्याचा प्रवेश

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या चित्रपटापासून पडदा मराठीत बोलू लागला. चित्रपट ही फार काळ प्रसंगाने पाहण्याची गोष्ट होती. जत्रेतील तंबूत किंवा तालुक्याच्या गावी चित्रपटगृहात माणसे समुदायाने बसत, आणि पाहिलेल्याची चर्चा पुढे कित्येक दिवस चाले. मुख्य चित्रपटापूर्वी दाखविल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांनी शिक्षणाचा थोडाबहुत भार उचलला होता.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १९५९ साली दिल्लीत सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. प्रारंभी संच थोडे होते; त्यामुळे ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर आळी जमे. या केंद्रावरील आकाशानंद निर्मित 'ज्ञानदीप' हा कार्यक्रम शिक्षणाच्या दृष्टीने लक्षणीय ठरतो. त्याच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली आणि कार्यक्रमातून मिळालेला विषय चर्चेत व कामात उतरविला. उपग्रहाद्वारे चालविलेल्या १९७५-७६ च्या शैक्षणिक प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. परंतु त्या प्रयोगातही सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले होते, म्हणजे तेथेही पाहणे सामुदायिकच होते. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. १९९० नंतर खाजगी वाहिन्या आल्या, प्रत्येक घरी संच आला, आणि अलीकडे तर प्रत्येकाच्या हातात पडदा आला. पाहणाऱ्यांची संख्या वाढली. एकत्र पाहणारे मात्र कमी होत गेले.

३. केवळ ऐकून भाषा येते काय?

मूल दिवसाचे तीन तास पडद्यासमोर बसते, तेव्हा त्याला भाषा आपोआप येईल, अशी समजूत असते. भाषाविज्ञानातील पुरावा या समजुतीस अनुकूल नाही. जॅकलीन सॅक्स व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली एका बालकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाचे श्रवण उत्तम होते, परंतु आईवडील कर्णबधिर असल्याने इंग्रजी त्याच्या कानी पडे ती मुख्यतः दूरचित्रवाणीवरून. पावणेचार वर्षांच्या वयात त्याला शब्द येत होते, पण वाक्यरचना विस्कळीत होती. प्रौढ व्यक्तीशी नियमित संभाषण सुरू होताच ती झपाट्याने सुधारली. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन अर्भकांना चिनी भाषेचा परिचय करून देण्यात आला. ज्या अर्भकांशी प्रत्यक्ष व्यक्ती बोलली, त्यांना इंग्रजीत नसलेला चिनी ध्वनिभेद ओळखता येऊ लागला. ज्यांना तीच व्यक्ती चित्रफितीत दाखविण्यात आली, त्यांना तो आला नाही.

याचे कारण उघड आहे. पडदा बोलतो, पण ऐकत नाही. मुलाने चुकीचे रूप वापरले तर तो ते दुरुस्त स्वरूपात परत उच्चारीत नाही; मुलाची नजर कोठे आहे हे पाहून त्या वस्तूचे नाव सांगत नाही. भाषा ही देवघेव आहे, आणि पडद्यापाशी केवळ देणे आहे.

मग पडद्याचा परिणाम शून्य मानावा काय? तसेही नाही. येथे भाषेचे स्तर वेगळे केले पाहिजेत. शब्द, वाक्प्रचार, संबोधने ही सहज पसरतात. ध्वनिव्यवस्था आणि व्याकरण यांत बदल होण्यास सामान्यतः प्रत्यक्ष सहवास लागतो, असे मत दीर्घकाळ प्रचलित आहे. जेन स्टुअर्ट-स्मिथ यांच्या ग्लासगो येथील संशोधनाने (२०१३) त्याला एक पुरवणी जोडली. लंडनमध्ये घडणाऱ्या एका मालिकेशी ज्या किशोरांची मने गुंतली होती, त्यांच्या उच्चारात लंडनची काही वैशिष्ट्ये अधिक आढळली. परंतु हे बदल त्या समाजात आधीच शिरले होते, आणि त्यांत मित्रपरिवाराचाही वाटा होता. म्हणजे पडदा चालू असलेल्या बदलास वेग देऊ शकतो. बदलाचे मूळ मात्र माणसांच्या व्यवहारातच शोधावे लागते.

४. पनवेलच्या मुलाची भाषिक स्थिती

आगरी कुटुंबातील मुलाची बोली घेऊ. या बोलीत प्रमाण मराठीतील 'ण' च्या जागी 'न', 'ळ' च्या जागी 'ल' आणि स्वरमध्यस्थ 'ड' च्या जागी 'र' येतो. शब्दारंभीच्या 'वि' मधील 'व' लोपतो. म्हणून 'पाणी' चे 'पानी', 'शाळा' ची 'शाला', 'गाडी' ची 'गारी' आणि 'विचार' चा 'इचार' होतो. ही रूपे विस्कळीत नाहीत. ती नियमबद्ध आहेत. ज्याला नियम आहे त्याला अशुद्ध म्हणणे भाषाविज्ञानास मान्य नाही.

या मुलास शाळेत येण्यापूर्वीच प्रमाण मराठी ऐकून समजत असते. हे पडद्याचे देणे होय, आणि ते लहान नव्हे. पूर्वी वाडीवरील मुलाला शिक्षकाचे बोलणे कळण्यातच काही महिने जात असतील. आज तो अडसर पुष्कळ कमी झाला आहे. परंतु समजणे आणि बोलणे यांत अंतर आहे. बोलावयास उभे राहताच मुलाच्या तोंडून 'शाला' येते, आणि वर्ग हसतो.

वर्ग का हसतो, याचेही उत्तर अंशतः पडद्यावर आहे. नायक-नायिकांनी प्रमाण मराठीत बोलावे आणि गडी, हवालदार किंवा विनोदी पात्र यांनी बोलीत बोलावे, अशी वाटणी आपल्या नाटक-चित्रपटांत दीर्घकाळ चालत आली. पडद्यावरून उच्चार शिकता येत नसला, तरी कोणत्या उच्चारास हसावे हे फार लवकर शिकता येते. भाषेपेक्षा भाषेविषयीची वृत्ती पडदा अधिक परिणामकारकपणे पसरवितो, हे प्रस्तुत विवेचनातील मुख्य विधान होय.

ही वृत्ती पालटविण्याचे सामर्थ्यही पडद्यातच आहे. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' या नाटकाने मालवणीस रंगभूमीवर जे स्थान दिले, त्याचा विस्तार पुढे २०१६ च्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने घरोघरी केला. त्याच वर्षीच्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' या चित्रपटात करमाळ्याकडील बोली प्रेमाची, संतापाची आणि दुःखाची भाषा म्हणून आली. प्रेक्षक त्या बोलीला हसला नाही. तिच्यातून तो रडला. आगरी मात्र अद्याप मुख्यतः प्रहसनांतून आणि लग्नसमारंभातील ध्वनिमुद्रित गीतांतून ऐकू येते. वास्तविक आगरी लग्नात धवळे गाऊन विधी पार पाडणाऱ्या धवलारिणीची परंपरा या परिसरात आहे. त्या गीतांतील भाषा विनोदाची नसून विधीची व मांगल्याची आहे.

नव्या वसाहतींतील मुलांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या पाहण्यातील व्यंगचित्रपट बहुधा हिंदीत असतात. 'मला मदत कर' याऐवजी 'माझी मदत कर' अशी रचना त्यांच्या बोलण्यात येते, तेव्हा दोष पडद्यावर टाकला जातो. परंतु इमारतीच्या अंगणात ही मुले परस्परांशी हिंदीच बोलतात, हे विसरता कामा नये. तसेच प्रत्येक अपरिचित रूप हिंदीतून आले असे मानणेही घातक आहे. 'म्हणाला' च्या जागी 'बोलला' हा प्रयोग मुंबईकडील बोलण्यात मालिकांच्या आधीपासून रूढ आहे. रूपाचा इतिहास तपासल्याशिवाय त्याचे पितृत्व ठरवू नये.

५. शिक्षणातील उपयोग

पडदा एकटा शिकवीत नाही, परंतु माणसाच्या जोडीने पुष्कळ शिकवितो. याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या अनुभवातील आहेत.

पहिले 'टिलीमिली' या मालिकेचे. २०२० साली साथीमुळे शाळा बंद असताना जुलै महिन्यापासून ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखविण्यात आली. पहिली ते आठवी या आठ इयत्तांसाठी प्रत्येकी ६० असे ४८० भाग, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेले. त्यातील शिकणे फळ्यासमोर घडत नव्हते. घर, अंगण, परिसर आणि कुटुंबातील माणसे यांच्यामध्ये घडत होते. पाहून झाल्यावर मुलाने घरातील कोणाशी तरी बोलावे, काही करून पाहावे, अशी तिची रचना होती. ज्या घरी असे कोणी बसले, तेथे मालिका धडा ठरली असेल. जेथे कोणी नव्हते, तेथे ती केवळ कार्यक्रम राहिली असेल.

दुसरे उदाहरण तळओळींचे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास अशी कल्पना मांडली की, चित्रपटगीत ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्याखाली दाखवावेत. गीत पाठ असते. त्यामुळे पुढचा शब्द कोणता हे प्रेक्षकास आधीच ठाऊक असते, आणि डोळा अक्षराला ध्वनीशी आपोआप जोडतो. गुजरातमध्ये प्रथम हा प्रयोग झाला. पुढे झी टॉकीज या वाहिनीवर काही काळ मराठी चित्रपटांनाही मराठी तळओळी देण्यात आल्या. जे शाळेत अक्षरे शिकले पण वाचनाच्या सरावाअभावी ती विसरू लागले, अशा प्रौढांना व मुलांना याचा लाभ होतो. येथे पडदा भाषा शिकवीत नाही. येत असलेल्या भाषेची लिपी तो दृढ करतो, आणि हे कार्य त्याच्या स्वभावास अनुरूप आहे.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ज्या वयात भाषेचा पाया घातला जातो त्या वयात पडदा हा संभाषणाचा पर्याय होऊ शकत नाही. दोन, भाषेच्या रूपापेक्षा भाषेच्या प्रतिष्ठेवर पडद्याचा अधिकार मोठा आहे. म्हणून कोणत्या पात्राच्या तोंडी कोणती बोली घातली जाते, हा केवळ कलेचा प्रश्न राहत नाही, तो वर्गातील मुलाच्या आत्मविश्वासाचाही प्रश्न होतो. तीन, पाहणे आणि बोलणे यांची सांगड घातली तरच या साधनांचे शैक्षणिक मूल्य प्रकट होते.

पनवेलसारख्या बहुबोली परिसरात या सांगडीची सुरुवात वर्गातूनच करता येईल. मुलांनी पाहिलेल्या चित्रपटातील एखादा संवाद शिक्षकाने घ्यावा. तो आपल्या घरी कसा बोलला जाईल हे प्रत्येकाने सांगावे. 'शाळा' आणि 'शाला' ही दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून त्यांतील नियम मुलांकडूनच काढून घ्यावा. प्रमाण रूप मुलास यावयास हवे, कारण परीक्षा, अर्ज आणि न्यायालय यांची भाषा ती आहे. परंतु ते रूप घरच्या बोलीत भर म्हणून यावे. बोलीची लाज बाळगून आलेले प्रमाण रूप मुलास बोलके करीत नाही, गप्प करते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही धवलारिणींची गीते आणि वृद्धांचे संभाषण ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्याचे कार्य हाती घेण्याजोगे आहे. जे यंत्र आजवर या परिसराला दुसऱ्यांची भाषा ऐकवीत आले, त्याच यंत्राकडून परिसराची भाषा टिपून घेता येते, आणि तिच्या जाणत्या वक्त्या हयात आहेत तोवरच ते काम होण्यासारखे आहे.