अतिआतपसेवन आणि त्वचेतील कोलॅजेन
सूर्यप्रकाशातील अतिनील-अ किरण त्वचेच्या खोल थरापर्यंत पोहोचतात. खिडकीची साधी काच त्यांना पुरेशी अडवीत नाही. तेथे कोलॅजेनचे विघटन करणारी विकरे वाढतात, नव्या कोलॅजेनची निर्मिती मंदावते आणि अपुऱ्या दुरुस्तीमुळे हानी वर्षानुवर्षे साचत जाते. अमेरिकेत २८ वर्षे मालमोटार चालविलेल्या एका गृहस्थाच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू अधिक जाड व सुरकुतलेली झाल्याचे वृत्त २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याकडील वाहनचालकांची उजवी बाजू तपासावी. (यास लगेच भ्राजक पित्ताची दुष्टी म्हणण्याची घाई नको.) लेपाने त्वचेचे रौक्ष्य कमी होईल, परंतु तुटलेले कोलॅजेन तो सांधतो, असे सांगून विकणे वैद्यास वा औषधविक्रेत्यास शोभत नाही. रुग्णास आधी छत्री, पूर्ण बाह्यांचे वस्त्र व अतिनील-अ रोखणारे मलम सांगावे, लेप त्यानंतर.