पिंजऱ्याबाहेरचे पाहुणे

नंदुरबारहून शाळेची सहल मुंबईला गेली, तर भायखळ्याची राणीची बाग बहुधा ठरलेलीच! १८६२ साली सुरू झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. २०१६ साली येथे दक्षिण कोरियातून पेंग्विन आणले. मुले आधी तिकडेच धावतात. तुम्हीही जा, पण वाटेत मान वर करून झाडांकडे पाहा.

तेथे कावळे आणि घारी दिसतील. खारी तर पायाजवळून पळतील. यांना कोणी पकडून आणलेले नाही. यांच्या नावाची पाटीही नाही. मग हे येथे का राहतात? जुनी, उंच झाडे घरट्यांसाठी चांगली. पाणी बारा महिने मिळते. शिवाय पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या खाण्यातले चार घास चोरता येतात. कावळा तर या कामात भारी हुशार!

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील गोष्ट याहून मोठी आहे. तेथे १९६० पासून चित्रबलाक नावाचे मोकळे करकोचे पावसाळ्याच्या शेवटी येतात. तळ्यातील बेटांवरच्या झाडांवर ते घरटी बांधतात, पिल्ले वाढवतात आणि उन्हाळ्यापूर्वी उडून जातात. त्यांना पाहायला लोक मुद्दाम येतात. मात्र ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथे बर्ड फ्लूने पक्षी मेले आणि प्राणिसंग्रहालय बंद ठेवावे लागले. हा रोग मोकळ्या पक्ष्यांमार्फतही पसरतो. म्हणून रखवालदारांना पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबरोबर या पाहुण्यांवरही नजर ठेवावी लागते.