लिंडाची रबरी नळी

आमच्या वाचनमंडळात आम्ही आठ-नऊ जणी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एक पुस्तक आणि सोबत पोहे. गेल्या खेपेला आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' घेतलं. मला वाटलं होतं, १९४९ सालचं अमेरिकन नाटक, अर्ध्या तासात आटपेल. पण पोहे गार झाले तरी आम्ही एका रबरी नळीवरून भांडत होतो.

"काय बाई म्हणायची ही! नळी हाताला लागते आणि ही परत जागेवर ठेवते?" आमच्या मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू तापल्या होत्या. "मी असते ना, तर तुकडे करून कचऱ्यात टाकली असती!"

विली लोमन हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा फिरता विक्रेता. वय ६३. धंदा बसलेला, थोरला बिफ चौतिशीतही मार्गी लागलेला नाही, आणि हा जुन्या दिवसांतल्या माणसांशी मोठ्यानं बोलत बसतो. एकदा घरातले दिवे जातात म्हणून बायको, लिंडा, तळघरात उतरते, तर फ्यूज बॉक्समागून रबरी नळीचा तुकडा खाली पडतो. गॅसच्या पाइपला नवं तोंडही बसवलेलं. कशासाठी ते तिला कुणी सांगावं लागत नाही. रोज ती खाली जाऊन नळी काढते आणि नवरा घरी आला की पुन्हा जिथल्या तिथं ठेवते. का? तर त्याचा अपमान होऊ नये म्हणून!

खरं सांगते, कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा मलाही लिंडाचा रागच आला होता. आता संसाराला पंचवीस वर्षं झाल्यावर वाचताना माझं लक्ष भलतीकडेच गेलं. तिच्या हिशेबाकडे.

विली दौऱ्यावरून येतो, मोठमोठे आकडे फेकतो. लिंडा पेन्सिल घेऊन कमिशन काढायला बसते, तसा एकेक आकडा खाली येतो. हातात ७० डॉलर. आणि देणं? फ्रिजचे १६, वॉशिंग मशीनचे ९ डॉलर ६० सेंट, व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन, छपराचे २१. पंधरा तारखेपर्यंत सगळे मिळून १२० डॉलर. हे सगळं तिला तोंडपाठ. फ्रिजचा पट्टा पुनःपुन्हा तुटतो. जाहिराती सगळ्यात मोठ्या होत्या म्हणून ती कंपनी निवडलेली! हप्ते फिटेपर्यंत वस्तूच मोडीत निघते, ही विलीची तक्रार तर कुठल्याही घरातली वाटते.

रंगमंचावर स्वयंपाकघरात मिलर फक्त टेबल, फ्रिज आणि तीन खुर्च्या मागतो. माणसं चार. मुद्दाम असो नसो, माझी नजर तिथं अडकली.

मग ते रेशमी मोजे. लिंडा आपले फाटके मोजे शिवत बसलेली असते आणि विली एकदम उखडतो, फेकून दे म्हणतो. ती गुपचूप खिशात घालते. बिचारीला वाटतं, गरिबी त्याला बोचते. प्रेक्षकाला मात्र माहीत असतं की बोस्टनच्या एका हॉटेलात दुसऱ्या बाईला यानं नवे मोजे दिलेत. बिफ शाळेत असताना अचानक त्या खोलीवर धडकतो, ती बाई मोज्यांचे खोके मागत असते. आईचे मोजे हिला दिले, एवढंच पोराला दिसतं. बापलेकांमधलं सगळं तिथंच तुटतं.

तर लिंडाचा दिवस असा जातो. मोजे शिव, पट्टा बदल, छप्पर बघ, हप्ता भर. मोडलेलं टाकायचं नाही, दुरुस्त करायचं, हेच तिला येतं. नवराही ती तसाच चालवते. पण नळी दुरुस्त करता येत नाही. ती फक्त हलवता येते.

काकूंना म्हटलं, दुसऱ्या अंकाची सुरुवात पुन्हा वाचा. विली त्या सकाळी खुशीत बाहेर पडलाय. बिफचा फोन येतो. लिंडा सांगते, आज ती नळी कायमची नष्ट करायलाच मी खाली गेले होते, आणि बघते तर ती नाहीच! त्यानं स्वतःच काढली! आनंद आवाजात मावत नाही. मग बिफ सांगतो, रात्री मीच काढली. ती सावरून घेते खरी, पण मला नाटकात सगळ्यात जास्त तेच लागलं. मालकाच्या वायर रेकॉर्डरपेक्षा, बिफनं चोरलेल्या पेनपेक्षाही. त्याच दिवशी विलीची नोकरी जाते. रात्री तो, ऊन न पोचणाऱ्या परसात, बॅटरीच्या उजेडात बी पेरतो. आणि मग गाडी घेऊन निघून जातो, विम्याच्या २० हजार डॉलरसाठी.

थडग्यापाशी लिंडाला रडू येत नाही. घराचा शेवटचा हप्ता तिनं त्याच दिवशी भरलेला असतो. पंचवीस वर्षांचं कर्ज फिटलं, आणि आता राहायला कुणी नाही, हे ती त्यालाच सांगत बसते.

काकू बराच वेळ गप्प होत्या. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "काय गं, त्या बोस्टनच्या मोज्यांचं तिला शेवटी कळतं का?"

"नाही काकू," मी म्हटलं. "मुलगा शेवटपर्यंत सांगत नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. जिना अर्धा उतरून थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "का नाही झालं गं?"