लेखांक पाचवा : कळायच्या आतले आठवडे

मागच्या लेखांकात प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची ओळख झाली. आज कीटकनाशकांकडे वळू, आणि त्यासाठी डेन्मार्कमधल्या फुलांच्या हरितगृहांत जाऊ.

या हरितगृहांत बऱ्याच बायका काम करतात. हातात फवारणीचा पंप नसला, तरी फवारलेल्या रोपांची छाटणी, बांधणी, कुंड्यांची हलवाहलव करताना पानांवर उरलेले औषध हातांना लागते आणि कातडीतून अंगात शिरते. हेले अँडरसन आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणी हरितगृहांत काम केलेल्या बायकांच्या ११३ मुलग्यांची तिसऱ्या महिन्यात तपासणी केली. ६.२ टक्के बाळांचे अंड (वृषण) खाली अंडकोशात उतरलेले नव्हते. कोपनहेगन परिसरातल्या बाळांत हेच प्रमाण १.९ टक्के होते. आकडा लहान आहे, ११३ पैकी सात बाळे. पण औषधांशी संपर्क आलेल्या आयांच्या मुलग्यांचे शिश्न आणि वृषणही सरासरीने लहान आढळले, त्यामुळे याला निव्वळ योगायोग म्हणणे मला पटत नाही.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली खरी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. दिवस गेल्याचे कळताच यांतल्या बहुतेक बायकांना कमी धोक्याचे काम दिले गेले, किंवा त्या पगारी रजेवर गेल्या. म्हणजे काळजी घेतली गेली होती. तरीही परिणाम दिसला, कारण औषध अंगात गेले ते मुख्यतः पहिल्या तिमाहीत.

तेवढ्यातच इतके कसे बिघडते? मुलग्याच्या गर्भात वृषण तयार झाले की ते साधारण आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक बनवू लागते. चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोलाचा. बाळाचे अंड प्रत्यक्ष खाली उतरते ते गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, पण त्याची तयारी याच आठवड्यांत होते. एडिंबरामध्ये मिशेल वेल्श आणि रिचर्ड शार्प यांनी हेच उंदरांवर दाखवले, तेही २००८ सालीच. ठरावीक मोजक्या दिवसांत पुरुष-संप्रेरकाचे काम रोखले तर दोष राहिले. तो काळ उलटल्यावर रोखले तर तसे दोष आले नाहीत. साच्यात ओतलेले काँक्रीट एकदा घट्ट झाले की नंतर कितीही पाणी मारले तरी आकार बदलत नाही, तसेच हे. काही कीटकनाशके या संप्रेरकाचा मार्ग अडवतात आणि वार त्यांना पुरती थोपवू शकत नाही.

आपल्याकडे मावळात, तळेगावच्या आसपास पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो. खुडणी, प्रतवारी, जुड्या बांधणे ही कामे तिथेही बायकाच करतात. पाळी चुकली, मग खात्री झाली, मग मुकादमाला सांगितले, यात दीड-दोन महिने सहज जातात. म्हणून ‘गरोदर बाईला वेगळे काम’ हा नियम अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फवारणीनंतर ठरलेला काळ संपेपर्यंत कोणालाच आत पाठवू नये, आणि हातमोजे व लांब बाह्यांचे कपडे मालकाने सगळ्याच बायकांना द्यावेत.

आणि घरातल्यांनी एक करावे. बाळाच्या तपासणीत दोन्ही अंडे उतरली आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांनंतरही उतरली नसतील तर वाट पाहू नये. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी.