कार्यकर्त्याचं घर चालावं म्हणून

आचार्य अत्रे यांचं ‘लग्नाची बेडी’ 1936 सालचं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हे नाटक पुन्हा महाराष्ट्रभर फिरलं, तेव्हा रंगमंचावर डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा, रोहिणी हट्टंगडी, सदाशिव अमरापूरकर अशी मंडळी एकत्र उभी होती. एरवी असा संच जमवायला निर्माता धजावला नसता. पण हे प्रयोग धंद्यासाठी नव्हतेच. त्यातून जमलेला पैसा ठेव म्हणून ठेवायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, असं ठरलं होतं. हाच सामाजिक कृतज्ञता निधी. डॉ. लागू आणि निळूभाऊंच्या बरोबरीनं डॉ. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी तो उभा केला.

त्या वेळी त्याची निकड का वाटली असेल? सत्तरच्या दशकात युवक क्रांती दल (युक्रांद), छात्र युवा संघर्ष वाहिनी अशा संघटनांमधून कितीतरी मुलंमुली शिक्षण अर्धवट टाकून खेड्यांत गेली. वाहिनीत तर तिशीनंतर राहताच येत नसे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यातले बरेच जण तिशी ओलांडून गेले होते. लग्नं झाली होती, मुलं शाळेत जाऊ लागली होती, घरी म्हातारे आईवडील होते. धरणग्रस्तांचा मोर्चा काढणाऱ्याच्या घरी महिनाअखेरीस वाण्याची उधारी साचलेली असे. बायकोची नोकरी असेल तर घर चाले. नसेल तर चळवळीतला एक चांगला माणूस मुकाट्यानं गळून पडे.

पैसे जमवणाऱ्यांना ही ओढाताण परकी नव्हती. निळू फुले तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पगार महिना 80 रुपये, त्यातले 10 राष्ट्र सेवा दलाला. डॉ. लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि टांझानियात जम बसलेला असताना 1969 साली वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. तुटपुंज्या पगारातून देणं काय किंवा ठरावीक मिळकत सोडणं काय, हे या दोघांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यामुळेच निधीच्या नावात दान किंवा मदत न येता कृतज्ञता आली असावी, असं मला वाटतं.

या निधीचं मोठेपण मला त्याच्या साध्या रचनेत दिसतं. पैसा प्रकल्पाला न जाता माणसाला जातो. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम घ्या. सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरता येतं का, हे पाहत ते गावोगाव फिरले. अशा कामाचा तिमाही अहवाल कसा लिहायचा? किती मनं बदलली, हे कुठल्या रकान्यात भरायचं? गावात वर्षानुवर्षं जात राहणारा, शिव्या खाऊनही परत जाणारा माणूस टिकला, तरच ते काम पुढं सरकतं.

आजचा बराचसा पैसा या जातीचा नाही. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यातून शाळेच्या खोल्या होतात, बंधारे होतात, आणि ते हवेच आहेत. पण संघटन करणाऱ्याच्या हाती त्यातलं फारसं पडत नाही. मजुरांना एकत्र आणणाऱ्याला पैसे देताना कंपनी दहादा विचार करणारच. परदेशी देणग्यांचा कायदा 2020 साली आणखी कडक झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि एका संस्थेनं दुसरीला तो पैसा पुढं देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडं पैसा जाण्याची वाटच त्यामुळे मोडली. आपल्या माणसांनी आपल्या माणसांकडून जमवलेल्या रुपयाची किंमत अशा वेळी कळते.

व्याजावर चालणाऱ्या निधीला महागाईची कीड मात्र लागते. ऐंशीच्या दशकात लांब मुदतीच्या ठेवीवर बँका 10 टक्क्यांच्या घरात व्याज देत. पुढं दर घसरले. डाळ, तेल, एसटीचं भाडं, मुलांची फी मात्र चढतच गेली. मुद्दल शाबूत राहतं आणि त्यातून येणारं मानधन दर वर्षी थोडं अपुरं पडतं. एका दौऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागत नाही. झोळी पुन्हा पुन्हा फिरवावीच लागते.

साडेसहा टक्के व्याज धरलं तर 10 लाखांच्या ठेवीवर वर्षाला 65 हजार येतात, महिन्याला सुमारे 5,400. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या कार्यकर्त्याच्या घरची शिधासामग्री आणि प्रवासखर्च त्यात बेतानं निघू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हौशी नाट्यसंस्था आहेत, निवृत्त शिक्षक-प्राध्यापक आहेत, चांगला जम बसलेले डॉक्टर आहेत. त्यांनी दोन-तीन वर्षांत मिळून 10 लाख उभे करावेत आणि आपल्याच जिल्ह्यातला एक कार्यकर्ता निवडावा.