रुग्णनोंदींचे जतन : एक न दिसणारी सेवा

देणगीतून घेतलेले यंत्र सर्वांस दिसते. रुग्णांच्या नोंदी जपण्यासाठी होणारा खर्च मात्र दिसत नाही. त्याचे मोल २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर झालेल्या सायबर हल्ल्याने देशास कळले. तेथील नोंदणीसारखी कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाल्याचे शासनाने पुढे लोकसभेत सांगितले.

अशी प्रत वेळेवर व बिनचूक तयार होण्यास योग्य फाइल सिस्टिमचे साहाय्य होते. डिस्कवर माहिती कोठे व कशी ठेवावी, हे ठरविणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टिम. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने विकसित केलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमचा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला. २०१३ पासून ओपनझेडएफएस प्रकल्पाद्वारे तिचा विकास सुरू असून तिला परवाना शुल्क पडत नाही.

माहितीच्या प्रत्येक ब्लॉकसोबत ती एक पडताळणी संख्या ठेवते. वाचताना ती जुळली नाही, तर दुसऱ्या डिस्कवरील शुद्ध प्रतीवरून दुरुस्ती होते. जुन्या मजकुरावर नवा मजकूर न लिहिता ती तो वेगळ्या जागी लिहिते. त्यामुळे त्या क्षणाची स्थिती ‘स्नॅपशॉट’ म्हणून तत्काळ राखता येते. पुढे दोन स्नॅपशॉटमधील बदल तेवढेच, कूटबद्ध करून, दूरच्या क्लाउड सर्व्हरवर पाठविता येतात. किल्ली रुग्णालयाकडेच राहते.

वेगासाठी मात्र योग्य जुळणी हवी. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस साधारणतः ८ किलोबाइटच्या पानांत माहिती ठेवतो. झेडएफएसच्या ब्लॉकची मूळ मर्यादा १२८ किलोबाइट असते. छोट्याशा नोंदीसाठी मोठा ब्लॉक पुन्हा लिहावा लागू नये, म्हणून ही मर्यादा कमी करतात. माहिती संक्षिप्त करून साठविल्याने डिस्कवरील वाचन-लेखनही घटते.

तथापि, त्याच सर्व्हरवरील स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरचा ताबा घेणारा हल्लेखोर तोही पुसू शकतो. म्हणून दूरची प्रत स्वतंत्र पासवर्डखाली ठेवावी आणि तीवरून माहिती परत उभी करण्याची चाचणी ठराविक काळाने घ्यावी.

सॉफ्टवेअर विनामूल्य असले, तरी डिस्क, क्लाउडचे भाडे व जाणकार कर्मचारी यांचा खर्च राहतोच. तो करताना डोळ्यांपुढे असावा तो मध्यरात्री दाखल होणारा रुग्ण : त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे डॉक्टरांना त्या क्षणी कळलेच पाहिजे.